न वाचलेल्या पाटीचा करार

सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला पाट्या दिसत नाहीत, असं म्हटलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण जरा ऐकून घ्या. लहानपणापासून इतक्या पाट्या डोळ्यांखालून गेल्या की पुढेपुढे त्यांचा आणि डोळ्यांचा संबंधच तुटला. ‘येथे वाहन लावू नये, लावल्यास हवा सोडण्यात येईल’ ही पाटी आमच्या वाड्याच्या दारावर होती आणि तिच्या बरोब्बर खाली वाड्यातल्या यच्चयावत स्कूटरी उभ्या असायच्या, पाटी रंगवून घेणाऱ्या नानांचीसुद्धा. हवा कुणाचीच कधी सुटली नाही. थोडक्यात काय, पाटी ही लिहिणाऱ्याच्या समाधानासाठी असते, वाचणाऱ्यासाठी नव्हे, ही समजूत घेऊन मी मोठा झालो, शिकलो, लग्न केलं आणि ती समजूत बॅगेत घालून इंग्लंडात आलो. कस्टमवाल्यांनी लोणच्याची बरणी काढून घेतली. समजूत राहिली.

आता या देशातली गंमत बघा. इथे खासगी जागेतली पाटी म्हणजे करार. पाटी ठळक असली, वाचता येण्याजोगी असली आणि तिच्यापुढे गाडी नेऊन तुम्ही इंजिन बंद केलंत, की तिच्यावरच्या सगळ्या अटी तुम्हाला कबूल आहेत असं कायदा धरून चालतो. सही नको, साक्षीदार नको, स्टॅम्पपेपर नको. मी आयुष्यात फ्लॅटच्या करारावर सही करताना एवढा घाम गाळला होता की वकिलानं पंखा लावला, आणि इथे मात्र रोज सकाळी अर्धवट झोपेत, तोंडात पोळीचा रोल धरून, मी नॉटिंगहॅममध्ये एक नवा करार करत होतो.

तेही माझ्या स्वतःच्याच ऑफिसात.

ऑफिसच्या आवाराची हकिकत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नॉटिंगहॅम हे ब्रिटनमधलं पहिलं शहर, जिथे पालिकेनं नोकरीच्या ठिकाणच्या पार्किंगवर कर बसवला. २०१२ पासून. ज्या मालकाकडे नोकरांसाठी ११ किंवा जास्त जागा असतील, त्यानं दर जागेमागे वर्षाला पैसे भरायचे. सुरुवातीला हा आकडा २८८ पौंड होता. पुष्कळ मालक तो कर सरळ नोकरांकडून वसूल करतात आणि त्याला इथे कुणाची हरकतही चालत नाही. १० किंवा कमी जागा असल्या तर परवाना तेवढा घ्यायचा, पैसे माफ. आमच्या आवारात जरा दाटीवाटीनं लावल्या तर १२ गाड्या बसायच्या. आमच्या मॅनेजरनं त्यातल्या दोन जागांवर मोठाल्या कुंड्या ठेवल्या, त्यांत लॅव्हेंडर लावलं, आणि आम्ही एका दुपारीत पर्यावरणप्रेमी झालो.

या करातून पालिकेनं काय केलं? ट्रामचे मार्ग वाढवले. त्यातला एक थांबा आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यावर आला. मग लांबून येणारी मंडळी आपल्या गाड्या आमच्या आवारात लावून ट्रामनं शहरात जाऊ लागली. म्हणजे पार्किंगच्या करातून आलेल्या ट्रामनं आमचं पार्किंग खाल्लं. मॅनेजर रोज खिडकीतून बघायचा आणि लालबुंद व्हायचा. शेवटी त्यानं एका खासगी पार्किंग कंपनीला बोलावलं. खर्च शून्य. कंपनीनं खांबावर कॅमेरा लावला, फाटकाशी पिवळीधमक पाटी ठोकली आणि रिसेप्शनच्या टेबलावर एक टॅबलेट ठेवला. नोकरांनी त्यावर आपल्या गाडीचा नंबर टाकायचा. यादीत नाव नसलेली गाडी दिसली की कॅमेरा टिपणार आणि १०० पौंडांचं पत्र घरी. पाहुण्यांना हाकलायची ही सगळी योजना. मॅनेजरनं तिची सविस्तर ईमेल सगळ्यांना पाठवली होती. ती मी उघडली नाही असं अजिबात नाही; मी ती ‘निवांत वाचू’ नावाच्या फोल्डरमध्ये नीट हलवून ठेवली. त्या फोल्डरमध्ये ती एकटी पडली नसती याची खात्री बाळगा.

टॅबलेटवर नंबर मात्र मी टाकला हो. एका हातात कॉफी, दुसऱ्या हाताचं एक बोट, आणि मनात हे काम पहिल्याच दिवशी केल्याचा अभिमान. टॅबलेट म्हणाला, धन्यवाद. टॅबलेट कुणालाही धन्यवाद म्हणतो, हे मला नंतर कळलं.

पहिलं पाकीट आलं ते वृंदाच्या नावानं. कारण गाडी तिच्या नावावर. कारण पैसे तिचे. पार्किंग कंपनीला रस्त्यावरच्या गाडीचा मालक कोण हे माहीत नसतं; ती दर वेळी २ पौंड ५० पेन्स भरून स्वान्सीच्या डीव्हीएलएकडून, म्हणजे इथल्या आरटीओकडून, नाव-पत्ता मिळवते आणि नोंदणीवर ज्याचं नाव त्याला पत्र धाडते. मी संध्याकाळी घरात शिरलो तेव्हा वृंदा ओट्याशी उभी होती, कुकरची शिट्टी व्हायची होती, आणि मिसळणाच्या डब्याला टेकवून ते पाकीट उभं केलं होतं. आतल्या फोटोत आमच्या गाडीची नंबरप्लेट आणि दोन दिवे, एवढंच दिसत होतं. वेळ सकाळची. जागा माझ्या ऑफिसची.

‘‘अहो, मी तुमच्या ऑफिसात कधी गेले?’’ तिनं विचारलं.

‘‘काहीतरी घोटाळा आहे, मी उद्या बोलतो,’’ मी म्हणालो. नवरेपणाच्या आजवरच्या कारकिर्दीत हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते माझ्या तोंडून आपोआप, कुकरच्या शिट्टीसारखं वेळेवर बाहेर पडतं.

पण या पत्रांची एक खोड असते. कॅमेरा टिपतो आज, पत्र येतं आठवड्याच्या हिशेबानं. म्हणजे पहिलं पाकीट मिसळणाच्या डब्याला टेकेपर्यंत मी मधल्या प्रत्येक दिवशी, पोळीचा रोल खात, त्याच कॅमेऱ्यापुढून तितक्याच अभिमानानं आत गेलेलो होतो. उरलेली पाकिटं वाटेत होती. ती येत राहिली. पोस्टमनची आणि माझी तोवर ओळख नव्हती. नंतर तो मला नावानं हाक मारू लागला.

१०० पौंड, १४ दिवसांत भरले तर ६०. गुणाकार मी केला नाही. वृंदानं केला.

आता खरं सांगतो, पुण्यात हे झालं असतं तर मी ट्रॅफिकच्या मामांशी बोललो असतो. पी-१, पी-२ च्या सम-विषम तारखेत चुकून गाडी उचलली गेली तरी माणूस चौकीवर जातो, आधी ताठ उभा राहतो, मग वाकतो, मग आजारी सासूचा उल्लेख करतो, आणि मामाही हाडामांसाचे असल्यामुळे निदान ऐकून तरी घेतात. इथे कुणाला सांगणार? खांबाला? मी एका सकाळी खरोखरच खांबाखाली उभा राहून वर कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले, तर मागून मॉरीनचा आवाज आला, ‘‘सगळं ठीक आहे ना?’’ मॉरीन आमची रिसेप्शनिस्ट. मी म्हणालो, सूर्यनमस्कार घालतोय. आकाशात ढग होते.

मग मी ठरवलं, आपण कायदा वाचायचा. माझ्यासारख्या माणसानं कायदा वाचणं याच्यापेक्षा वाईट गोष्ट एकच, ती म्हणजे त्यानं तो समजला असं समजणं. रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन बसायचो आणि एकेक नवा शोध लावायचो. पहिला शोध: ही पत्रं सरकारी नाहीत. पालिकेच्या दंडाच्या पत्राची नक्कल करून काढलेली असली, दोन्हींचं लघुरूप पीसीएन असलं, तरी हे निव्वळ एका खासगी कंपनीनं पाठवलेलं बिल. ते न भरल्यास ती दिवाणी कोर्टात जाऊ शकते, तिथे हरलात आणि तरी महिन्याभरात भरलं नाहीत तर निकाल सहा वर्षं तुमच्या पतनोंदीवर राहतो, पण पोलीस येत नाहीत. मी इतका खूश झालो की वृंदाला उठवून सांगितलं. ती म्हणाली, पोलीस आले तर तुम्हीच दार उघडा.

दुसरा शोध २०१२ चा. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेत गाडीच्या चाकाला कुलूप घालायला बंदी आली. (नानांची हवासुद्धा त्यात बसली असती असं माझं मत आहे.) पण त्याच कायद्यानं पार्किंगवाल्यांच्या हाती दुसरं हत्यार दिलं: गाडी कोण चालवत होतं ते कळलं नाही तरी नोंदणीवर ज्याचं नाव, त्याच्याकडून पैसे मागता येतात. मात्र कॅमेऱ्याच्या केसमध्ये नोटीस १४ दिवसांच्या आत पोचली पाहिजे, आणि तिच्यात कायद्यानं सांगितलेला मजकूर पाहिजे. मी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि चौदा दिवस मोजले. मग रविवार वगळून मोजले. मग एकादशी वगळून. काही केल्या पंधरावा दिवस उगवेना.

तिसरा शोध मात्र जोरदार होता. नोकरीचा करार! तुमच्या मूळ करारात जर गाडी लावायचा हक्क दिलेला असेल, तर नंतर कुणी येऊन पाटी ठोकली म्हणून तो हक्क जात नाही, असं इथल्या कोर्टांनी मानल्याची उदाहरणं आहेत. ती बहुतेक फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची, पण तत्त्व तेच. माझा नोकरीचा करार माळ्यावर लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत होता. ती शोधताना मला मुलीचं पाचवीचं प्रगतिपुस्तक, बंद पडलेले दोन मिक्सर आणि हरवले म्हणून नवे घेतलेले हातमोजे सापडले. करार शेवटी सापडला. त्यात सुट्या होत्या, पेन्शन होती, ऑफिसात चप्पल घालून येऊ नये असंही होतं. पार्किंगचं अवाक्षर नव्हतं. ते कर्मचाऱ्यांच्या नियमपुस्तिकेत निघालं: जागा असल्यास, मॅनेजरच्या मर्जीनं. म्हणजे हक्क नव्हता, कृपा होती.

तरी मी हार मानली नाही, कारण तोवर मला १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टचं तेरावं कलम सापडलं होतं. मालकाला नोकराच्या पगारातून मनाला येईल ते कापता येत नाही; एकतर कायद्यानं सांगितलेलं असावं लागतं, नाहीतर करारात लिहिलेलं, नाहीतर नोकराची आधीच घेतलेली लेखी संमती. हे कलम मी पाठ केलं. आंघोळ करताना म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी एचआरच्या हेलनसमोर उभा राहून, खणखणीत आवाजात सांगितलं, की माझ्या पगारातून या पत्रांचा एक पेनीही कापाल तर बेकायदा ठरेल.

हेलन म्हणाली, ‘‘पण कापतंय कोण?’’

‘‘कापलेत तर!’’

तिनं शांतपणे माझी फाइल काढली. ‘‘खरं तर कंपनीचं काही देणं असेल तर पगारातून वळतं करायला तुमची लेखी संमती आहे. ही बघा सही.’’ सही माझीच होती, झकास मारलेली, खाली दोन टिंबांसकट. माझे पाय लटपटले. ‘‘पण,’’ ती पुढे म्हणाली, ‘‘हे देणं आपल्या कंपनीचं नाहीच, पार्किंगवाल्यांचं आहे. करार तुमचा आणि त्यांचा. त्यामुळे आम्हाला ते कापताच येणार नाही. तुम्ही आगीच्या दारापुढे गाडी लावली असती तर शिस्तीचं पत्र दिलं असतं, पण त्यालाही दंड म्हणत नाहीत.’’

मी तिचे आभार मानून बाहेर आलो. जो मुद्दा भांडायला गेलो होतो तो तिनंच माझ्या बाजूनं सोडवून दिला, आणि तरी मी हरल्यासारखा का चालतोय, हे मला जिन्यापर्यंत कळेना.

मग मनात आलं, एकट्यानं नाही, संघटित होऊन लढायचं. जेवणाच्या खोलीत मी उभा राहिलो, चमचा कपावर वाजवला आणि सहकाऱ्यांना म्हणालो, मित्रहो, मालकांनी नेमलेल्या एका बाहेरच्या कंपनीनं आपल्यालाच लुटायला सुरुवात केली आहे. ज्यांना-ज्यांना पाकिटं आली त्यांनी हात वर करा. कुणीही हात वर केला नाही. मला वाटलं, घाबरलेत. पुन्हा विचारलं. कोपऱ्यातला एकजण सँडविच चावत म्हणाला, ‘‘आम्हाला नाही आली. नंबर टाकलाय ना आम्ही.’’

इथे शहाण्या माणसाला संशय आला असता.

मला आला नाही. मी घरी जाऊन वृंदाला म्हटलं, ही कामगार एकजुटीची शोकांतिका आहे. वृंदा हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि नोकरांच्या पार्किंगबद्दल बोलण्याचा खरा अधिकार आमच्या घरात तिचा. इंग्लंडातल्या पुष्कळ हॉस्पिटलांत डॉक्टर-नर्सना आपल्याच हॉस्पिटलात गाडी लावायचे पैसे पडतात. कोविडच्या काळात सरकारनं ते माफ केले होते, ती माफी मार्च २०२२ अखेर संपली. वृंदाचे दरमहा पगारातून कापले जातात, तिच्या लेखी संमतीनं. ‘‘तेरावं कलम मला नका सांगू,’’ ती म्हणाली, ‘‘मी त्याच्यावर सही केलीय. आणि एकजुटीचं म्हणाल तर कार्डिफचं विसरलात का?’’ मी विसरलो नव्हतो. मला माहीतच नव्हतं. कार्डिफच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटल ऑफ वेल्समध्ये नर्सा आणि इतर कर्मचारी खासगी कंपनीच्या पार्किंगच्या पत्रांविरुद्ध एकत्र कोर्टात लढले. जनता त्यांच्या बाजूनं, वर्तमानपत्रं त्यांच्या बाजूनं. २०१७ मध्ये ७५ जण हरले. पार्किंग तिथे फुकट झालं ते पुढच्या वर्षी, त्या कंपनीचा करार संपल्यावर. कोर्टानं जे दिलं नाही ते कॅलेंडरनं दिलं. ‘‘ते पंचाहत्तर होते,’’ वृंदा म्हणाली. ‘‘तुम्ही किती?’’

पोळी गिळायला मला पाणी लागलं. त्या रात्री ‘कोर्ट’ हा शब्द डोक्यात इतका घुमला की मी अंधारात, पांघरुणाखाली, मोबाइलवरून एका पाकिटाचे ६० पौंड गुपचूप भरून टाकले. पैसे भरले की त्या पत्रापुरतं अपील संपलं, हे पावतीच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. बारीक अक्षरांचं आणि माझं नातं आपण पाहिलंच आहे.

उरलेल्या पाकिटांसाठी मी चार पानी अपील लिहिलं. इंग्लिश भाषेतलं माझं सर्वोत्तम लेखन म्हणून ते मी जपून ठेवलंय. त्यात मॅग्ना कार्टा होता, नैसर्गिक न्याय होता, आणि कळस म्हणून सुप्रीम कोर्टाचा खटला होता: पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस, ४ नोव्हेंबर २०१५. फिश अँड चिप्सचं दुकान चालवणारा एक साधा माणूस चेम्सफर्डच्या एका बाजारात दोन तास फुकटच्या जागेत ५६ मिनिटं जास्त थांबतो, त्याला ८५ पौंडांचं बिल येतं, आणि तो ते थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नेतो! मला भरून आलं. अशा मर्दाचा दाखला द्यायलाच हवा म्हणून मी त्याचं नाव ठळक अक्षरांत टाकलं, खाली रेघ मारली आणि पाठवून दिलं.

आमची ईशा लेस्टरला कायदा शिकते, पहिल्या वर्षाला. रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी तिला अपील वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

‘‘बाबा, निकाल वाचलात?’’

‘‘खटला वाचला.’’

‘‘बाबा, बेव्हिस हरला. सातपैकी सहा न्यायाधीश त्याच्या विरुद्ध गेले.’’

मी खुर्चीत बसलो. म्हणजे बसलेलोच होतो, अजून खाली गेलो. ईशानं सांगितलं ते असं: कोर्ट म्हणालं, जागा रिकाम्या होत राहाव्यात यात पार्किंगवाल्यांचं रास्त हित आहे, ८५ पौंड ही काही अवाच्या सवा रक्कम नाही, आणि पाट्या मोठ्या होत्या. पार्किंग कंपनी त्या जागेसाठी मालकाला उलट आठवड्याला १००० पौंड देत होती, म्हणजे चुकणाऱ्यांच्या पैशावरच सगळा कारभार, हे कोर्टाला माहीत होतं, तरीही. तेव्हापासून या देशातली प्रत्येक पार्किंग कंपनी आपल्या पत्रात बेव्हिसचा दाखला देते. ‘‘तुम्ही त्यांचं काम वाचवलंत,’’ ती म्हणाली.

‘‘पण बाबा, एक आशा आहे,’’ ती पुढे म्हणाली, आणि माझे कान टवकारले. ‘‘नोटिशीचा फोटो आईनं पाठवला होता. त्यात गाडीच्या मालकाला जबाबदार धरायचा जो मजकूर कायद्यानं लागतो, तो नाहीये. म्हणजे ते आईकडून पैसे मागू शकत नाहीत, फक्त ड्रायव्हरकडून. आणि ड्रायव्हर कोण, ते फोटोत दिसत नाही. सांगायचं बंधन कुणावर नाही. आपण गप्प बसायचं, बस्स! त्यांना कळणारच नाही!’’

मी फोनवर हात ठेवून स्वयंपाकघराकडे बघितलं. वृंदा लसूण सोलत होती.

‘‘मी कळवलं की,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्याच दिवशी. मागच्या बाजूला ड्रायव्हरचं नाव लिहायला जागा होती.’’

‘‘माझं नाव?’’

‘‘तुमच्या वडिलांच्या नावासकट. कागद पूर्ण भरावा माणसानं.’’

त्या आठवड्यात सगळी पाकिटं नव्यानं आली. या वेळी माझ्या नावावर. पोस्टमन म्हणाला, अभिनंदन.

अपील अर्थातच फेटाळलं गेलं; उत्तरात बेव्हिस होता. पुढची पायरी पॉपला नावाची लवादसदृश संस्था: अपील फुकट, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. मी नव्या जोमानं पाटीवर हल्ला चढवायचा ठरवला, कारण आणखी एक मुद्दा हाती लागला होता. पाटी जर नुसतीच ‘इथे लावू नका’ म्हणत असेल, तर काही न्यायाधीशांनी म्हटलंय की करार होतच नाही, कारण करारात आधी काहीतरी देऊ करावं लागतं. नुसतं हाकलण्याला करार म्हणत नाहीत. या हिशेबानं अख्ख्या सदाशिव पेठेतली एकही पाटी इंग्लिश कोर्टात टिकली नसती! माझ्या जन्मभूमीबद्दल इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता. म्हटलं, आपली पाटी काय म्हणते ते एकदा प्रत्यक्ष वाचावं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी टॉर्च घेऊन फाटकाशी गेलो आणि त्या पिवळ्या पाटीचं, बसवल्यापासून पहिल्यांदाच, अक्षर न् अक्षर वाचलं.

तिसऱ्या ओळीत होतं: नोंदणी केलेल्या कर्मचाऱ्यांचं स्वागत आहे. नंबर बरोबर टाकल्याची खात्री रिसेप्शनवर करून घ्या.

दुसऱ्या दिवशी मॉरीननं टॅबलेटची यादी उघडली. चष्मा नाकावर ओढला. मग माझी गाडी खिडकीतून बघितली. मग पुन्हा यादी. आमच्या नंबरात वर्षाचा आकडा १० आहे. त्यातल्या शून्याच्या जागी मी इंग्लिश ‘ओ’ टाकला होता.

आता मी पोटासाठी काय करतो ते सांगायची वेळ आली. मी विमा कंपन्यांच्या फॉर्मांसाठी असे प्रोग्राम लिहितो, जे लोकांनी आकड्याच्या जागी अक्षर टाकलं तर त्यांना अडवतात.

मॉरीन हसली नाही; ती बाई मोठ्या मनाची आहे. तिनं फक्त विचारलं, ‘‘हे अपिलात लिहिलंत ना? अशी एखाद्या अक्षराची चूक असली तर रद्द करतात ते.’’ खरोखरच करतात. नियमावलीतच तसं आहे. या नियमावलीचीही मजाच: २०१९ साली संसदेनं कायदा केला, त्याखालची सरकारी नियमावली २०२२ च्या फेब्रुवारीत आली आणि पार्किंगवाले कोर्टात गेल्यावर जूनमध्ये मागे घेतली गेली, मग २०२४ मध्ये पार्किंगवाल्यांच्याच दोन संघटनांनी मिळून आपली नियमावली लिहिली, म्हणजे सासूनंच सुनेच्या हक्कांचा जाहीरनामा काढावा तसं. पण त्या सासूनंसुद्धा शून्य आणि ‘ओ’ची चूक पोटात घातलीय. चार पानांऐवजी मी एक ओळ लिहिली असती तर काम झालं असतं. मॅग्ना कार्टाची गरज नव्हती.

आणि ती ओळ मीच लिहायला हवी होती असंही नाही. जागा ज्याची, त्यानं पार्किंग कंपनीला ‘हा आमचा माणूस, सोडा’ म्हणून कळवलं तरी पत्रं रद्द होतात. बहुतेक मालकांच्या हातात ते असतं. मालक दंड वसूल करू शकतो का, यावर मी रात्री-रात्री जागून तीन कायदे पालथे घातले, आणि मालक तो माफ करू शकतो का हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. मॉरीननं मॅनेजरला हाक मारली, मॅनेजरनं एक ईमेल धाडली, आणि दुपारच्या चहाच्या आत सगळी पाकिटं रद्द झाली. पांघरुणाखालचे ६० पौंड सोडून. ते पार्किंग कंपनीनं आनंदानं ठेवून घेतले.

यानंतर ऑफिसात माझी पत वाढली. लोकांना वाटतं, हा लढला आणि जिंकला. सुपरमार्केटच्या, जिमच्या, समुद्रकिनाऱ्याच्या पार्किंगची पाकिटं घेऊन माणसं माझ्या टेबलाशी येतात आणि मी खुर्चीत मागे रेलून त्यांना पाच मिनिटांच्या सवलतीबद्दल सांगतो, ज्यात पाटी वाचून निघून जायची मुभा असते, आणि मुदत संपल्यावर मिळणाऱ्या दहा मिनिटांबद्दल सांगतो. हा दहा मिनिटांचा मुद्दा माझा विशेष आवडता. मागच्या शनिवारी वृंदाला हॉस्पिटलातून आणायला गेलो होतो, तिथे रुग्णांना सोडण्या-नेण्याच्या जागेत २० मिनिटं फुकट असतात, ती यायची होती, तेवढ्यात हेलनचा फोन आला, तिच्या नवऱ्याला कुठलंसं पाकीट आलं होतं. मी इंजिन बंद केलं आणि तिला तो मुद्दा अगदी मुळापासून समजावून सांगितला: दहा मिनिटं का दिली, कधी धरायची, त्यावर विसंबून का राहू नये. हेलन फार चांगले प्रश्न विचारते. वृंदा येऊन बाजूला बसली, तिनं घड्याळ दाखवलं, मी हातानं थांबायची खूण केली, कारण मी विसंबून का राहू नये यावर आलो होतो.

काल पाकीट आलं. वृंदाच्या नावानं. मी हात पुढे केला तर म्हणाली, भरून झालंय, सकाळीच पोस्टात टाकलं. या खेपेला तिनं माझा मोबाइल नंबरही दिलाय.